रुग्णालयाच्या दारीं आलेला मनोरुग्ण

घरांतील एखादें माणूस एकाएकीं असंबद्ध बोलूं लागलें, अंगावर धांवून येऊं लागलें किंवा जीव देण्याची भाषा करूं लागलें, म्हणजे घरचीं माणसें गांगरून जातात. कोणी त्यास कोंडून ठेवितात, कोणी देवऋष्याकडे नेतात. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत न्यावें, हें थोड्यांसच सुचतें. तेथें काय ठरतें व कसें ठरतें, तें आम्ही येथें सांगत आहों.

डॉक्टर प्रथम मनाकडे नव्हे, शरीराकडे पाहतात. ताप, नाडी व रक्तांतील साखर मोजितात; डोक्यास मार लागला काय, कोणतें औषध पोटांत गेलें, हें विचारतात. मधुमेह्याची साखर फार उतरली म्हणजे तोही बरळतो व भांडतो. रक्तांत साखर पोंचतांच बहुधा थोड्याच मिनिटांत ताळ्यावर येतो. वर्षानुवर्षें दारू पिणाऱ्यानें ती अकस्मात् सोडली, तर दोनतीन दिवसांनीं त्यास नसत्या वस्तू दिसूं लागतात, व हा विकार प्राणावरही बेततो. अशा वेळीं घरच्यांनीं लाजेस्तव गोष्ट लपविली, तर डॉक्टरानें तरी काय करावें?

पुढें धोक्याचा विचार होतो. "जीव द्यावा असें मनांत येतें काय?" असें डॉक्टर स्पष्ट विचारतात. विचारल्यानें तो विचार मनांत भरतो ही समजूत खोटी आहे.

परंतु रोगी उपचारास कबूल नसला तर? खरी अडचण येथेंच आहे. १९१२ च्या कायद्याप्रमाणें मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें अशा माणसास वेड्यांच्या इस्पितळांत धाडीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा निराळें पाहतो: सांगितलेलें त्यास समजतें काय, परिणाम उमगतो काय, निर्णय कळवितां येतो काय? हें जमत असेल, तर संमति त्याचीच घ्यावी लागते. जिवास किंवा दुसऱ्यास तत्काळ धोका असेल, तर त्याचा नेमलेला प्रतिनिधि जवळ असल्यास त्याच्या संमतीनें कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार करूं शकतो. पण महाराष्ट्रांत ही मुभा फार तर ७२ तासांची. या मुदतींत विजेचे झटके देतां येत नाहींत. सांखळीनें बांधणें तर केव्हांही मना आहे. त्यापुढें इच्छेविरुद्ध ठेवावयाचें, तर दोघां तज्ज्ञांनीं स्वतंत्र तपासावें लागतें. प्रथम मुदत ३० दिवसांची, व रोग्यास मंडळाकडे दाद मागतां येते. आमच्या मतें ही घड्याळाची मर्यादाच या कायद्याचा गाभा होय.

ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें जुनीं सरकारी मनोरुग्णालयें आहेत. खेड्यांतून तेथवर पोंचण्यांतच बराच वेळ जातो, म्हणून पहिला उपचार जवळच्याच रुग्णालयांत घ्यावा. विनामूल्य सल्ल्यासाठीं 'टेली-मानस' हा दूरध्वनि २०२२ पासून अहोरात्र चालतो. त्याचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतही बोलतां येतें.