संघर्षाचे छायाचित्र आणि शांतीचे वार्तांकन

यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेला मनुष्य तिघांच्या दृष्टीस पडला, असे लूककृत शुभवर्तमान सांगते (१०:३०–३७). याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पाहणे तिघांचेही घडले. भेद पडला तो पाहिल्यानंतर. वृत्तपत्रांतून, आणि आता हातातील फोनवरून, दंगलींची व युद्धांची छायाचित्रे आपणापुढे येतात, तेव्हा आपणही त्याच वाटेवर उभे असतो. म्हणून संघर्षाच्या शांतिलक्षी वार्तांकनात छायाचित्राचे कार्य कोणते, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

‘शांतिलक्षी पत्रकारिता’ ही कल्पना नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग (१९३०–२०२४) यांनी मांडली. त्यांच्या मते युद्धाच्या बातम्या बहुधा क्रीडावृत्तासारख्या लिहिल्या जातात: पक्ष दोन, आणि प्रश्न एकच, कोण जिंकला? वस्तुतः त्या आरोग्यविषयक लेखनासारख्या असाव्यात; त्यांत रोगाच्या वर्णनाबरोबर कारणे, उपचार व प्रतिबंध यांनाही स्थान असावे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात शांतीसाठी पत्रकारितेचा पुरस्कार केला. तथापि हे तत्त्व छायाचित्राला लावणे कठीण आहे. लेखात कारणमीमांसा करता येते; छायाचित्र एक क्षण तेवढा पकडते. त्या क्षणाच्या आधीचे व नंतरचे आयुष्य चौकटीबाहेर राहते.

गुजरातमधील २००२ च्या दंगलींची दोन छायाचित्रे आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. दोन्ही अहमदाबादची. एकात डोळ्यांत अश्रू आणून हात जोडणारा मुसलमान शिंपी आहे. दुसऱ्यात हातात लोखंडी कांब उगारलेला हिंदू चर्मकार. या दोघांची नावे आम्ही हेतुतः देत नाही. त्या चित्रांचे ओझे त्यांनी पुरेसे वाहिले आहे. शिंपी जमावाची करुणा भाकत आहे, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात तो सुरक्षादलाच्या जवानांकडे साहाय्य मागत होता. पुढे ते चित्र जगभर छापले गेले, राजकीय प्रचारातही वापरले गेले. ओळख पटत गेल्याने त्याला काम गमवावे लागले. काही काळ तो मालेगावी, नंतर कोलकात्यास राहिला. ज्या चित्राने जगाला त्याची दया आली, त्याच चित्राने त्याला स्वस्थ जगू दिले नाही.

परंतु वृत्तांत येथे संपत नाही. २०१४ मध्ये केरळातील कण्णूर जिल्ह्यात हे दोघे एका व्यासपीठावर आले. २०१९ मध्ये त्या चर्मकाराने अहमदाबादेत चपलांचे दुकान काढले, त्याच्या नावात ‘एकता’ हा शब्द घातला, आणि त्याचे उद्घाटन त्या शिंप्याच्या हस्ते झाले. या भेटींचीही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मात्र पहिल्या दोन चित्रांइतकी ती किती जणांच्या स्मरणात आहेत? शांतिलक्षी वार्तांकनाची खरी कसोटी येथे लागते. जखमेचे चित्र दाखविणाऱ्याने जखम भरण्याचे चित्रही त्याच आस्थेने शोधावे. अर्थात सलोख्याचे चित्र न्यायाची जागा घेऊ शकत नाही; दोघांनी हात मिळविले म्हणून मृतांचा हिशेब मिटत नाही.

मग भीषण चित्रे लपवावीत काय? तसे आम्हांस वाटत नाही. २०१७ च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी एक छायाचित्र कार्डावर छापवून वाटले. ते जो ओडॉनेल या अमेरिकन सैनिकाने नागासाकी येथे टिपलेले होते. आपल्या मृत भावाला पाठीशी बांधून एक मुलगा स्मशानात ताठ उभा आहे. कार्डामागे ‘युद्धाचे फळ’ एवढे शब्द व पोपमहाशयांची स्वाक्षरी होती. त्या चित्रात शत्रू कोणी नाही, म्हणून ते सूडाची भावना चेतवीत नाही. दुःखाचे अवडंबरही नाही, म्हणून त्या मुलाची प्रतिष्ठा अबाधित राहते. सत्य सांगूनही द्वेष न पेरणे शक्य आहे, याचे हे उदाहरण होय.

आमचे अनेक वाचक विविध भाषा व धर्म एकत्र नांदणाऱ्या नगरांत सेवा करतात. तेथे तणावाच्या प्रसंगी लोक धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना फोनवरील चित्रे दाखवितात, पुढेही पाठवितात. अशा वेळी चार प्रश्न विचारावेत. हे चित्र कोठले व केव्हाचे, की जुन्या चित्राखाली नवी ओळ लिहिली आहे? चौकटीबाहेर काय राहिले असावे? चित्रातील व्यक्ती आपली भगिनी वा बंधू असता, तर आपण ते पुढे पाठविले असते काय? आणि ते पाहून मनुष्य साहाय्यास धावेल, की दगड शोधील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दगड असे येत असेल, तर ते चित्र आपल्या हातीच थांबावे.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हे आपण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून शिकवितो. हात जोडणाऱ्याच्या ठायी ते प्रतिरूप ओळखणे फारसे अवघड नाही. कांब उगारणाऱ्याच्या ठायी ओळखणे अवघड आहे. परंतु ते तेथे नसते, तर चपलांच्या त्या दुकानाचे दार कधीच उघडले नसते.