बॅकअप परत मिळायला किती वेळ लागतो?

प्रोग्रॅमर मंडळी आपले काम ज्या संकेतस्थळांवर साठवतात, त्यांपैकी एक गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा, म्हणजे नेमका मुख्य डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. रोजचा बॅकअप निघतच नव्हता, हेही तेव्हाच उघड झाले. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत चाचणीच्या सर्व्हरवर होती. पण तिथल्या डिस्का संथ असल्याने ती मूळ जागी आणायला सुमारे अठरा तास लागले. बॅकअप तपासत राहावा, हा या घटनेचा धडा सगळे सांगतात. प्रत हाताशी असणे वेगळे आणि ती वेळेत परत मिळणे वेगळे, हा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे.

परत मिळण्याचा वेग, म्हणजे रिस्टोअरचा वेग, का घसरतो? डिस्क संथ असणे हे एक कारण झाले. दुसरे कारण बॅकअपच्या काटकसरीत दडलेले आहे. कालच्या आणि आजच्या फायलींत फरक थोडाच असतो. म्हणून आजची अनेक बॅकअप सॉफ्टवेअर फाइलचे काही किलोबाइटचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतात. तोच ठसा आधी आढळला असेल, तर तुकडा पुन्हा न साठवता जुन्याचा पत्ता तेवढा नोंदवतात. नवे तुकडे काही मेगाबाइटच्या गठ्ठ्यांत भरले जातात. याला डीडुप्लिकेशन म्हणतात. अशा पद्धतीत प्रत्येक बॅकअप म्हणजे शेवटी पत्त्यांची एक लांबलचक यादी असते.

जागा वाचते, पण किंमत नंतर मोजावी लागते. आजच्या बॅकअपचे काही तुकडे कालच्या गठ्ठ्यात, काही गेल्या महिन्याच्या, तर काही दोन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात असतात. त्यामुळे सर्वांत ताजा बॅकअपच सर्वाधिक विखुरलेला असतो, आणि संकटात हवा असतो तो नेमका तोच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सलग वाचली, तर सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. म्हणजे एक टेराबाइट दोन तासांच्या आत. दर वेळी नव्या ठिकाणी जायचे असेल, तर तिला सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या जमतात. प्रत्येक उडीत आठच किलोबाइट हाती लागले, तर त्याच टेराबाइटला अठरा दिवस लागतील. गठ्ठे असल्यामुळे प्रत्यक्षात इतकी वाईट वेळ सहसा येत नाही, पण घसरण कोणत्या दिशेला होते ते यावरून कळते.

एचपी कंपनीतल्या मार्क लिलिब्रिज, कावे एश्घी आणि दीपावली भागवत यांनी २०१३ साली या घसरणीवरचे तीन उपाय तपासले. पहिला सरळ आहे: वाचलेले गठ्ठे धरून ठेवायला जास्त मेमरी द्यायची. त्याने वेग पाच ते सोळा पटींपर्यंत वाढू शकला. दुसऱ्यात बॅकअप घेतानाच बंधन असते. एका टप्प्यातल्या माहितीने ठरावीक संख्येहून अधिक जुन्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवायचे नाही. उरलेले तुकडे सरळ पुन्हा लिहायचे. जागेच्या बचतीतला अवघा आठ टक्के वाटा सोडला, तर वेग दोन ते सहा पट झाला.

तिसरा उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो. मेमरी भरली की कोणती गोष्ट बाहेर काढावी? जी सर्वांत उशिरा पुन्हा लागणार आहे ती, असे आयबीएमचे लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली मांडले. एरवी संगणकाला पुढे काय लागणार हे ठाऊक नसते, म्हणून हे उत्तर कागदावरच राहते. रिस्टोअरमध्ये मात्र संपूर्ण भविष्य बॅकअपच्या पत्त्यांच्या यादीत लिहिलेले असते. महिन्याच्या किराण्याची यादी हाती असताना एकेका जिन्नसासाठी कोणी दुकानाच्या खेपा घालत नाही. तसेच इथे फाइलच्या पुढच्या भागासाठी मेमरीत जागा आखतात, यादी आधीच वाचतात, प्रत्येक गठ्ठा त्या भागासाठी एकदाच उघडतात आणि त्यातले तुकडे जिथे जिथे हवेत तिथे ठेवून देतात. तेवढ्याच मेमरीत वेग दोन ते चार पट झाला.

क्लाउडवरच्या बॅकअपलाही हाच विचार लागू पडतो. तिथे उडीऐवजी प्रतीक्षा असते. प्रत्येक मागणीला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर एकामागून एक मागण्या करून सेकंदाला वीसच तुकडे मिळतात. यादी आधीच माहीत असल्याने दहा मागण्या एकदम पाठवता येतात, आणि वाहिनी रुंद असेल तर काम जवळपास दहापट लवकर होते.

बॅकअप सॉफ्टवेअर निवडताना किती जागा वाचते हे आपण विचारतो. वर्षभर रोज बॅकअप घेतल्यावर कालची प्रत किती वेळात परत मिळते, हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. रुग्णालय असो, बँक असो की घरातला फोटोंचा साठा, अधूनमधून एखादी मोठी फाइल खरोखर परत आणून घड्याळ लावावे. थोडी अधिक जागा खर्चून तो वेळ कमी होत असेल, तर ती जागा जरूर द्यावी. डिस्क पुन्हा विकत घेता येते. शस्त्रक्रिया खोळंबलेल्या रुग्णाला गेलेले तास कोणी परत देऊ शकत नाही.