शोध, पेटंट आणि काही पक्के गैरसमज

विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या संशोधनातून पैसा उभा राहू शकतो, हे पटवायचं असलं की स्टॅनफर्डचा दाखला हटकून दिला जातो. तिथले स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातले हर्बर्ट बॉयर यांनी डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढवण्याची रीत १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये पेटंटची मुदत संपली, तोवर रॉयल्टी सुमारे २५.५ कोटी डॉलरवर गेली होती. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो जमला कसा, हे सहसा कोणी सांगत नाही.

गैरसमज : पेटंट मिळालं की एका बड्या कंपनीला देऊन मोकळं व्हायचं.

स्टॅनफर्डने नेमकं उलटं केलं. निल्स रायमर्स यांच्या परवाना कार्यालयाने मागेल त्याला परवाना दिला. सुरुवातीला १०,००० डॉलर, पुढे दरवर्षी किमान तेवढेच, आणि विक्रीवर अल्पशी रॉयल्टी. एकूण ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले. विद्यापीठांतल्या संशोधकांना तो लागतच नव्हता. अर्थात ही रीत सगळ्यांनाच हवी होती, म्हणून हे जमलं. औषधाच्या रेणूचं तसं नसतं. त्याच्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं पैसा ओतायचा तर कंपनी एकाधिकार मागणारच. मग तो द्यावा, पण अटी घालून : अमुक मुदतीत चाचण्या सुरू झाल्या नाहीत तर हक्क परत, आमच्या संशोधकांना वापराची मुभा, गरीब देशांसाठी वेगळी किंमत. माझ्या मते कार्यालयाचं कसब या अटींत दिसतं. पेटंटचा अर्ज काय, वकीलही भरून देतो.

गैरसमज : आधी शोधनिबंध छापू, पेटंटचं मग बघू.

कोहेन-बॉयर यांचंही हेच झालं होतं. अमेरिकी कायद्यात प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत असल्यामुळे नोव्हेंबर १९७४ मध्ये ऐनवेळी अर्ज करता आला. परदेशातले हक्क मात्र तोवर हातचे गेले होते. आपला कायदा याबाबतीत कडक आहे. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारखे मोजके अपवाद सोडले, तर एकदा जाहीर झालेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही. पीएचडीची खुली मौखिक परीक्षा होते, प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, आणि मग मार्गदर्शकांना पेटंट आठवतं! यावर उपाय सोपा आहे. काहीही बाहेर जाण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करायचा. संपूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. निबंध अडवून ठेवायचं कारणच उरत नाही.

गैरसमज : पेटंट घेतलं नाही की शोध आपोआप सगळ्यांचा होतो.

केंब्रिजमध्ये केलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेटंट घेण्याची जबाबदारी असलेल्या ब्रिटिश सरकारी महामंडळाला तिचा तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही. मिलस्टाईन यांनी पाठवलेल्या पेशी वापरून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने मात्र गाठी आणि इन्फ्लुएंझाविरुद्धच्या अँटिबॉडींवर अमेरिकेत पेटंटं मिळवली. पेशी असोत, प्लाझ्मिड असो की उंदीर, कुरिअरने पाठवण्याआधी त्याचं काय करता येईल आणि काय नाही याचा करार सही होऊन आलेला हवा. दोन पानी कागद असतो, पण तोच करायचा राहतो.

परवाना कार्यालय म्हणजे विद्यापीठाची कमाईची शाखा, असंही अनेक कुलगुरूंना वाटतं. बहुतेक कार्यालयांचा जेमतेम खर्च निघतो, अनेकांचा तोही नाही. एखादंच पेटंट घसघशीत कमाई देतं, आणि त्यातही वाटेकरी असतात. स्टॅनफर्डच्या पद्धतीत १५ टक्के कार्यालयाला जातात. उरलेल्याचे शोधकर्ते, विभाग आणि विद्याशाखा असे तीन सारखे भाग होतात.

शेवटचा गैरसमज कंपनीबद्दलचा : मेहनत विद्यापीठाची, कंपनी आयतं उचलते.

रोटाव्हायरसवरच्या रोटाव्हॅक लसीकडे पाहा. तिचा मूळ विषाणू, ११६ई, १९८०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नवजात बाळांत सापडला. त्याची लस व्हायला भारत बायोटेक, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकी संस्था आणि हजारो बाळांवरच्या चाचण्या लागल्या. एका डोसची किंमत एक डॉलर राहील हे २०१३ मध्ये, लसीला सरकारी मंजुरी मिळण्याआधीच, जाहीर झालं होतं. राष्ट्रीय लसीकरणात ती आली २०१६ मध्ये.