चाळ गेली, पुढे काय?

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्यांचे वाटप झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांस ५०० चौरस फुटांचे, मालकी हक्काचे घर विनामूल्य लाभावे, ही निःसंशय आनंदाची गोष्ट होय.

परंतु घर मिळणे निराळे आणि ते टिकणे निराळे. चाळीला जिना पुरत असे. मनोऱ्यास लिफ्ट लागते, पंप लागतो आणि त्यांचा खर्च आज ना उद्या रहिवाशांच्याच माथी येणार. तो न पेलल्यामुळे घर विकून दूर उपनगरात जाण्याची पाळी आली, तर या पुनर्वसनाचे सार्थक ते काय?

याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. शंभर वर्षांपूर्वी सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे या २०७ चाळी उभारल्या, त्या भाड्याने देण्यासाठी. नव्या योजनेत जुना रहिवासी मालक होतो आणि विक्रीच्या इमारतींतून खर्च भरून काढावयाचा असतो. मग उद्या पोटासाठी या शहरात येणाऱ्या कामगाराने राहावे कोठे? त्याच्यापुढे झोपडपट्टीखेरीज मार्ग उरत नाही. आणि तिचेच पुनर्वसन करण्यासाठी पुन्हा नवी योजना!

सार्वजनिक भूमीवर उठणाऱ्या विक्रीच्या घरांपैकी काही हिस्सा म्हाडाने कायम भाड्यासाठी राखावा, अशी आमची सूचना आहे. परक्या सरकारला जे सुचले, ते स्वकीयांस अवघड वाटू नये.