मुक्तिसदन, केडगाव

मुक्तिसदन : निराश्रित स्त्रिया व मुले यांना आश्रय, शिक्षण व उपजीविकेचे साधन देणारी पुणे जिल्ह्यातील (ता. दौंड) एक ख्रिस्ती संस्था. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ती स्थापन केली. आपल्याच समाजातील देशोधडीला लागलेल्या स्त्रियांसाठी एका भारतीय ख्रिस्ती स्त्रीने उभारलेले कार्य म्हणून तिचे महत्त्व आहे.

रमाबाईंनी लहानपणी दुष्काळ स्वतः भोगला होता. आईवडील व थोरली बहीण यांना त्या काळातच त्या मुकल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईस ‘शारदा सदन’ काढले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा राहत आणि त्यांच्या जातिधर्माचे आचार पाळण्यास मुभा होती. तथापि काही मुलींचा कल ख्रिस्ती प्रार्थनेकडे झाल्यावरून १८९३ मध्ये वाद उद्‌भवला. केसरी ने कडक टीका केली, न्या. रानडे व डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग सुरू असल्याने त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर प्रथम तात्पुरता निवारा व नंतर पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथूनही स्त्रिया आल्या आणि आश्रितांची संख्या सु. दोन हजारांवर पोहोचली. निरनिराळ्या जातींच्या व भाषांच्या या स्त्रिया एकत्र राहत. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा वेगळा विभाग होता. अंध स्त्रियांना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई (१८८१–१९२१) ब्रेल लिपी शिकवीत.

केवळ अन्नवस्त्र देऊन आश्रिताचे परावलंबन संपत नाही, हे येथील कार्यपद्धतीचे मुख्य सूत्र होते. साक्षरतेबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, दुग्धव्यवसाय व मुद्रण ही कामे स्त्रियांना शिकविण्यात येत. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी सुलभ मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराची जुळणी व छपाई याच स्त्रियांनी केली. त्यातील ‘नवा करार’ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण झाला.

शारदा सदनाच्या मूळ धोरणाहून भिन्न असे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. बहुसंख्य आश्रितांनी तो धर्म स्वीकारला. भुकेने व्याकुळ झालेल्या व्यक्तीचे धर्मांतर कितपत स्वेच्छेचे मानावे, हा टीकाकारांचा प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही. अन्न देणाऱ्याचा शब्द अव्हेरणे निराश्रितास कठीणच असते. याबरोबरच, त्या स्त्रियांचा सांभाळ करण्यास अन्य फारसे कोणी पुढे आले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते. या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाबींचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. रमाबाईंच्या पश्चात ही संस्था ‘पंडिता रमाबाई मुक्ति मिशन’ या नावाने केडगाव येथेच कार्यरत आहे.