निरंक असल्यास निरंक कळवावे

जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्याने चार वर्षे काढली, त्याला 'अत्यंत तातडीचे' असा शेरा मिरवणारी आणि 'माहिती निरंक असल्यास तसे कळवावे' या आज्ञेने संपणारी परिपत्रके नवी नाहीत. पूर्वी ती केंद्रप्रमुखांच्या पिशवीतून येत, आता व्हॉट्सॲपवर येतात आणि दुपारच्या सुट्टीपूर्वी तक्ता भरून मागतात, एवढाच काय तो कालमानाने पडलेला फरक.

शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही शिक्षणबाह्य कामावर शिक्षकाची नेमणूक निषिद्ध ठरविली. त्याआधी 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने मतदारयाद्यांचे कामही सामान्यतः सुट्टीच्या दिवशीच द्यावे असा दंडक घातला. तरीही 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षकांनी बहिष्कार टाकला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाला शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची रीतसर वर्गवारी करणारा शासन निर्णय काढावा लागला. इतर खात्यांच्या कामांपुरता तो स्वागतार्हच आहे. शाळेचे स्वतःचे दप्तर मात्र होते तेथेच राहिले, आणि खरे ओझे, माझ्या मते, तेथेच आहे.

कारण हे दप्तर विद्यार्थ्यांच्या संख्येवर नव्हे, तर शाळांच्या संख्येवर चालते. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातील किंवा जत तालुक्यातील एखाद्या वस्तीवरील पंधरा मुलांच्या शाळेलाही जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, आवक-जावक, किर्द, जडवस्तू संग्रह, व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, सादिलाचा हिशेब, यू-डायस आणि शालार्थ हे सर्व जसेच्या तसे सांभाळावे लागते. सांगली शहरातल्या मोठ्या माध्यमिक शाळेत या कामाला लिपिक असतो. प्राथमिक शाळेत ते पदच नाही. दीडशेपेक्षा कमी पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याच्या परिशिष्टानुसार स्वतंत्र मुख्याध्यापकही मिळत नाही, म्हणून दोनशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षक प्रभारी होतो आणि त्याच्याकडचे दोन वर्ग सहकाऱ्याच्या गळ्यात पडतात. पोषण आहाराचेच पाहा: पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे पंधरा मुलांचा दीड किलो, तो मोजून द्यायचा, नोंदवहीत उतरवायचा, पुन्हा ॲपवर चढवायचा, आणि महिनाअखेरीस शिल्लक जुळली नाही तर खुलासा द्यायचा. पाचशे पटाच्या शाळेलाही हे सारे एकदाच करावे लागते.

हे दप्तर वाढते कसे, तेही पाहा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेने शिक्षकांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा जो प्रयोग केला, तो पाहण्यास राज्यभरातून शिक्षक आले आणि 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. पण प्रयोगाचे धोरण होताच शाळा प्रगत ठरविण्याचे निकष आले, निकषांमागून तक्ते आले. चांगल्या कल्पनेलाही आपल्याकडे नमुना पत्रक जडल्यावाचून राहत नाही.

सगळेच कागद निरुपयोगी, असे मात्र म्हणवत नाही. 2023 अखेरीस कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला तेव्हा शाळाशाळांची जुनी जनरल रजिस्टरे बासनातून बाहेर निघाली, आणि कोण्या विस्मृत गुरुजींनी सुवाच्य अक्षरात घातलेली एखादी नोंद कित्येक कुटुंबांना मोलाची ठरली. ते रजिस्टर राहावेच. जाऊ द्यायची आहे ती तीच माहिती सरल, यू-डायस, ॲप आणि कागद अशी चार ठिकाणी मागण्याची रीत. एकदा भरलेला आकडा वरच्या कार्यालयाने स्वतः काढून घ्यावा, यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

इंग्लंडमध्ये 2003 साली शिक्षकांनी नित्य करू नयेत अशा विसाहून अधिक कामांची यादी सरकारने व बहुतेक शिक्षक संघटनांनी करारात मान्य केली. पण तिच्याबरोबर ती कामे करणारा साहाय्यक वर्गही शाळांत वाढविला गेला. आपल्या वर्गवारीबरोबर एकाही वस्तीशाळेला कारकून मिळालेला नाही. प्रत्येक शाळेला तो देणे परवडणार नाही, हे कबूल. परंतु दहा-बारा शाळांच्या केंद्राला एक लिपिक दिला, पंधरवड्यातून एकेक दिवस तो शाळाशाळांत फिरला आणि पोषण आहाराचा हिशेब त्याच्या सहीने निघाला, तर प्रभारी गुरुजींना सकाळी फळ्यापाशी उभे राहता येईल. अशा पदाची मंजुरी वित्त विभागाकडून यावी लागते.