गोळा पडण्याआधीचे गणित

तोफ डागणाऱ्याला समोरचे लक्ष्य बहुधा दिसत नाही. त्याच्या हाती असे एक छापील तक्ता. लक्ष्य इतक्या अंतरावर, वारा असा, हवेचे तापमान इतके, तर नळी किती अंशांवर धरायची हे तक्त्यात बघायचे आणि गोळा सोडायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांतून नव्या तोफा आणि नवे गोळे भराभर बाहेर पडत होते, पण त्यांचे तक्ते तयार नव्हते. एका तक्त्यासाठी गोळ्याचे दोन-तीन हजार मार्ग मोजावे लागत आणि त्यातला एकेक मार्ग टेबलावरच्या गणकयंत्रावर सोडवायला माणसाला तीस-चाळीस तास लागत. फिलाडेल्फियातल्या मूर स्कूलमध्ये हे काम गणित शिकलेल्या तरुण मुली करत. त्यांच्या हुद्द्याचेच नाव होते ‘कॉम्प्युटर’.

लष्करी महासंगणकांवर लिहायचे ठरवले तेव्हा मी यंत्रांपासून सुरुवात करणार होतो. वाचत गेलो तसे वाटू लागले की सुरुवात या तक्त्यापासूनच करायला हवी. कारण तक्ता नुसत्या गणिताने होत नसे. मेरीलँडमधल्या अबर्डीनच्या मैदानावर काही गोळे खरोखर डागून बघत, ते कुठे पडतात याची नोंद घेत आणि त्यावरून समीकरणातले आकडे बसवत. किती डागायचे आणि किती मोजायचे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

या मुलींचे काम हलके करण्यासाठी लष्कराने पैसे दिले आणि ‘एनियाक’ हे यंत्र उभे राहिले. सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या, तीस टन वजन. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते लोकांना दाखवले, तेव्हा गोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या आतच यंत्राने त्याचा मार्ग मोजून दिला. गंमत अशी, की तोवर युद्ध संपून गेले होते. यंत्राने सोडवलेले पहिले खरे गणित तोफेचे नव्हतेच, ते हायड्रोजन बॉम्बचे होते. पुढे १९४७ मध्ये ते अबर्डीनला हलवले. तिथेच १९५० मध्ये त्याच्यावर हवामानाचा पहिला संगणकीय अंदाज काढला गेला. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीसच तास लागले!

एनियाकला काम समजावून देणाऱ्या सहा जणी या ‘कॉम्प्युटर’ मुलींमधूनच निवडलेल्या होत्या. उद्घाटनाच्या सोहळ्यात त्यांचे नाव कोणी घेतले नाही. अबर्डीनच्या लष्करी केंद्रातल्या अलीकडच्या महासंगणकांना ‘जीन’, ‘के’ आणि ‘बेटी’ अशी नावे दिली आहेत. ती या सहांपैकी तिघींची. पाऊणशे वर्षे उशिरा का होईना, पण पाटी लागली.

अबर्डीनचे हे केंद्र आज ज्या व्यवस्थेचा भाग आहे ती १९९२ मध्ये सुरू झाली. त्याआधी अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळांमध्ये कुठे चांगले यंत्र होते, तर कुठे जुनाट. संसदेच्या सांगण्यावरून संरक्षण खात्याने यंत्रे एकत्र विकत घेऊन मोजक्या केंद्रांत ठेवायची आणि वेगवान जाळ्याने सगळ्या प्रयोगशाळांना जोडायची असे ठरवले. अबर्डीनखेरीज मिसिसिपीतले विक्सबर्ग आणि स्टेनिस, ओहायोतला राइट-पॅटरसन हवाई तळ आणि हवाई बेटांपैकी माउई अशी ही केंद्रे झाली. संशोधक आणि चाचणी घेणारे दोघेही दुरून यंत्राचे तास वापरतात. या कार्यक्रमाच्या नावातच ‘मॉडर्नायझेशन’ आहे आणि तीस वर्षे उलटली तरी तो शब्द तिथून निघालेला नाही. आमच्या पुण्यातल्या ‘काम चालू’च्या पाटीची आठवण होते, फरक एवढाच, की इथे काम खरोखरच संपण्यासारखे नाही.

ते का, हे ‘रोडरनर’वरून कळते. अण्वस्त्रांच्या गणितासाठी लॉस अलामोसला बसवलेले हे यंत्र २००८ मध्ये जगात सर्वांत वेगवान होते. सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते करण्याचा टप्पा ते पहिल्यांदा ओलांडून गेले. मार्च २०१३ मध्ये ते बंद केले गेले. बिघडले म्हणून नाही. तेवढ्याच कामाला नवी यंत्रे कमी वीज खात होती म्हणून. त्याच्या प्रोसेसरचा चुलतभाऊ मुलांच्या प्लेस्टेशन ३ या खेळण्यात होता. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथल्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर २०१० मध्ये अशी १,७६० खेळणी जोडून थेट महासंगणकच केला. त्याच वर्षी सोनी कंपनीने खेळण्यात लिनक्स बसवण्याची सोय काढून टाकली. बाजारातल्या वस्तूवर सैन्य उभे करायचे, तर बाजाराची लहरही सोसावी लागते.

हीच यंत्रे दुसऱ्याच्या हाती मात्र पडू द्यायची नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारताला क्रे महासंगणक मिळाला तो हवामानाच्या कामापुरता आणि अटींसह. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला मिळाला नाही. शस्त्रांच्या कामी येईल ही भीती. मग हैदराबादला डीआरडीओच्या ‘अनुराग’ प्रयोगशाळेने विमानाभोवतीच्या हवेचे गणित करण्यासाठी ‘पेस’ बांधला आणि पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’. परमचे ट्रान्सप्युटरही बाजारात मिळणारेच होते. मी तेव्हा विशीत होतो. वर्तमानपत्रातले ते कात्रण बरीच वर्षे जपून ठेवले होते.

पण यंत्र विकत घेणे हा सोपा भाग, असे माझे मत झाले आहे. यंत्र पाच वर्षांत म्हातारे होते, प्रोग्रॅम मात्र वीस-तीस वर्षे जगतो. नव्या यंत्रांत ग्राफिक्सचे प्रोसेसर आले की जुने फोरट्रान पुन्हा बेतावे लागते आणि बेतलेले जुन्याशी जुळते का, हे तपासावे लागते. म्हणून या कार्यक्रमाने स्वतःचे प्रोग्रॅमही लिहून घेतले: विमानांसाठी ‘केस्ट्रेल’, हेलिकॉप्टरांसाठी ‘हेलिओस’. विमानाच्या पंखाखालून बॉम्ब सुटतो तेव्हा तो हवेच्या झोतात उलटा फिरून विमानालाच आदळू शकतो. प्रत्येक वेग, प्रत्येक उंची वैमानिकाला पाठवून तपासणे म्हणजे जिवाशी खेळ. गणित आधी केले तर उड्डाण नेमके कुठे करून पाहायचे ते कळते.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. समीकरण बरोबर सुटले का? आणि मुळात सोडवायला घेतलेले समीकरण त्या वस्तूचेच होते का? पहिला संगणकाकडे बघून सोडवता येतो, दुसरा येत नाही. मी ज्या कारखान्यात नोकरी केली तिथे एक ब्रॅकेट गणितात दुप्पट मजबूत निघाले होते आणि चाचणीत वेल्डिंगपाशी तडकले. गणितात चूक नव्हती. गणितातले वेल्डिंग निर्दोष होते आणि आमच्या वेल्डरचे नव्हते, इतकेच.

तिथे एक ब्रॅकेट भंगारात गेले. ‘जेराल्ड फोर्ड’ या विमानवाहू जहाजावर मात्र हजारो माणसे राहतात. त्याची रचना संगणकाच्या आधाराने झाली होती. पाण्याखालच्या स्फोटाचा हादरा ते सोसेल, असे गणित सांगत होते. प्रत्यक्ष हादरा देऊन बघायची चाचणी या वर्गाच्या दुसऱ्या जहाजापर्यंत पुढे ढकलावी, अशी नौदलाची इच्छा होती, कारण त्यात महिने जातात. संरक्षण खात्याने ऐकले नाही. विमानवाहू जहाजावर अशी चाचणी त्याआधी १९८७ मध्ये झाली होती.

१८ जून २०२१ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, खलाशी जहाजावर असतानाच, अठरा टन स्फोटके उडवली. भूकंपमापकांवर ३.९ अशी नोंद झाली. जुलैत दुसरा स्फोट, ऑगस्टमध्ये तिसरा, दर वेळी थोडा जवळ. जहाज तरले, मग काही महिने गोदीत गेले. हादऱ्याच्या वेळी जहाजावरच्या मापकांनी टिपलेले आकडे मूळ गणिताशी ताडून पाहण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.